क्रोसाँ घ्यायचा तर कुठून? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात ब्रून आणि लादी पावावर लिहिलं होतं, त्यात शेवटी एक ओळ टाकली होती की चांगला क्रोसाँ, म्हणजे बटरच्या पातळ पदरांचा तो फ्रेंच बेकरी पदार्थ, आता आपल्याकडेही मिळतो, पण शोधावा लागतो. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. दुकानांची नावं विचारणारे बरेच जण आहेत, थोडी नावं देतेच, पण खरं सांगायचं तर नावापेक्षा दोन गोष्टी कळल्या की काम होतं, आत फॅट कुठलं आहे आणि ओव्हनमधून कधी निघालाय. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

प्रश्न: ताई, आमच्या कोथरूडमधे आता दर दुसऱ्या कॅफेत क्रोसाँ असतो, १२० पासून अडीचशेपर्यंत. एका ठिकाणी १८० रुपये देऊन घेतला तर नुसता चिवट पाव निघाला, वर चकाकी होती म्हणून फसलो. विकत घ्यायच्या आधीच कसं ओळखायचं?
(कोथरूड, पुणे)

आधी नुसतं बघा, पैसे नंतर काढा. काचेतून पहिल्यांदा दिसतो तो रंग. आपल्याकडे फिकट पिवळा क्रोसाँ सर्रास विकला जातो कारण गिऱ्हाईकाला गडद रंग म्हणजे करपलं असं वाटतं आणि बेकरीवालाही तेच धरून चालतो, पण चांगला भाजलेला क्रोसाँ गडद तपकिरी सोनेरी असतो, टोकं तर आणखी गडद. फिकट असेल तर आतले पदर कच्चट राहिलेले असतात, आणि तुम्हाला जो चिवटपणा लागला त्याचं हे एक मुख्य कारण. चकाकीवर अजिबात जाऊ नका, ती वरून लावलेल्या अंड्याची किंवा दुधाची असते, काही ठिकाणी साखरेच्या पाकाची, तिचा आतल्या कामाशी काही संबंध नाही.

मग कडेने पायऱ्या बघा. पोळी गुंडाळताना जे टप्पे पडतात ते स्पष्ट दिसायला हवेत आणि प्रत्येक टप्प्याच्या कडेला पातळ पातळ पदर वेगळे मोजता येतील असे हवेत. सगळं एकसंध गुळगुळीत दिसत असेल तर पदर भाजायच्या आधीच एकमेकांत मिसळलेत. हे का होतं ते सांगते म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. क्रोसाँचं पीठ म्हणजे मैदा, दूध किंवा पाणी, यीस्ट, थोडी साखर, मीठ आणि जरासं बटर, आणि त्या पिठाच्या पोळीत थंड बटरची एक सपाट लादी बंद करून लाटायचं, तीन पदरी घडी घालायची, फ्रिजमधे विश्रांती द्यायची, परत लाटायचं, परत घडी. अशा तीन घड्या झाल्या की बटरचे २७ थर होतात. चिरोट्याला आपण साटा लावून पदर करतो त्याच घराण्यातलं काम आहे हे, फक्त इथे पिठात यीस्ट आहे आणि साट्याच्या जागी नुसतं बटर. आता बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, पण त्याच्या बऱ्याच आधी ते मऊ पडून पिठात शिरायला लागतं, म्हणून लाटायची खोली १८-२० अंशांवर ठेवावी लागते आणि शेवटचं फुगवणंही २६-२७ अंशांच्या वर नेता येत नाही. एप्रिल-मेमधे पुण्यात बाहेर ३८-४० असतं, एसी खोली नसेल तर बटर वितळून पिठात जिरतं, थर जातात, आणि जे भाजून निघतं ते श्रीमंत पाव असतो, क्रोसाँ नाही.

तिसरं, तळ बघायला मागा. काही ठिकाणी चिमट्याने उलटा करून दाखवतात, नाही म्हटलं तर कागदी पिशवीकडे बघा. तळ तळल्यासारखा तेलकट असेल तर भाजताना बटर बाहेर गळलंय, म्हणजे एकतर नीट फुगू न देता ओव्हनमधे टाकलाय किंवा फुगवताना गरम झालाय. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका वाटला पाहिजे, ६० ते ८० ग्रॅमचा असतो साधारण, जड लागला तर आत जाळी पडलेली नाही. आडवा कापलात तर आत मोठी, वेडीवाकडी, मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते आणि मधे एक गुंडाळी सुटत गेल्यासारखी. घट्ट बारीक जाळी म्हणजे पाव.

आणि शेवटी तोंड. बटर शरीराच्या उष्णतेच्या आतच वितळतं म्हणून चांगला क्रोसाँ खाल्ल्यावर टाळू स्वच्छ राहते आणि दुधाचा वास मागे राहतो. टाळूला मेणासारखा थर बसला, गरम चहा प्याल्याशिवाय जाईना, तर ते मार्जरिन (वनस्पती तेलाचं नकली बटर) किंवा पाम तेलाचं बेकरी फॅट आहे, ते मुद्दाम जास्त तापमानाला वितळेल असं बनवलेलं असतं कारण उन्हाळ्यात लाटायला सोपं जातं.

दुकानात दोन प्रश्न बिनधास्त विचारा. आजची बॅच किती वाजता निघाली, आणि पीठ इथेच लाटता का तयार फ्रोझन येतं. दुसऱ्याचं उत्तर फ्रोझन आलं तरी लगेच परत फिरू नका, कारण चांगल्या बटरचा फ्रोझन क्रोसाँ तासाभरापूर्वी भाजलेला असेल तर तो इथेच लाटलेल्या पण काल संध्याकाळी भाजलेल्यापेक्षा कितीतरी चांगला लागतो. भाजल्यावर वीसेक मिनिटं बसू द्यावा लागतो, आत ओलसर असतं तोपर्यंत, आणि मग तीन-चार तास त्याचे सोन्याचे. म्हणून मी लोकांना सांगते की क्रोसाँ सकाळीच घ्या, संध्याकाळी पाचला काचेतला शेवटचा उरलेला घेऊन मत बनवू नका.

नावं विचारलीत म्हणून सांगते, पुण्यात सुरुवात करायची तर ल प्लेझिरसारख्या फ्रेंच पद्धतीचं पेस्ट्रीकाम करणाऱ्या ठिकाणापासून करा. मुंबईत वांद्र्याला सुबको आहे, सुचालीज आर्टिसन बेकहाउस आहे, आणि थिओब्रोमा तर २००४ साली कुलाब्यात सुरू झालं ते आता सगळीकडेच आहे, फक्त इतक्या शाखा असल्या की शाखेनुसार आणि वेळेनुसार फरक पडतो, ते कुठल्याही मोठ्या साखळीचं असतंच. पण एकदा अशा ठिकाणी खाऊन जीभ तयार करा आणि मग आपल्या गल्लीतल्या कॅफेचा खा, तुलनेशिवाय कळत नाही.

प्रश्न: सुपरमार्केटमधे पाकिटातले क्रोसाँ मिळतात १०-२० रुपयांना, आत चॉकलेट क्रीम, माझ्या मुलाला फार आवडतात. हे खरे क्रोसाँ का? आणि तिथेच मोठ्या दुकानात प्लॅस्टिकच्या डब्यात चारचा सेट मिळतो बटर क्रोसाँ लिहिलेला, त्याचं काय?
(ठाणे)

हिशोब करून बघू. नीट बटरच्या क्रोसाँत वजनाच्या पाव ते पाचव्या हिश्श्याइतकं बटर असतं, म्हणजे ८० ग्रॅमच्या एका नगात १६ ते २० ग्रॅम. बटर सहाशे रुपये किलो धरलं तर नुसत्या बटरचेच १० ते १२ रुपये झाले, त्यात मैदा, मजुरी, वीज, भाडं, दुकानाचं कमिशन अजून यायचंय. तेव्हा दहा रुपयाच्या पाकिटात बटर असूच शकत नाही आणि नसतंही. ब्रिटानियाने ग्रीसच्या चिपिता कंपनीबरोबर भागीदारी करून हा पाकिटबंद प्रकार आपल्याकडे आणला, युरोपात हा बराच जुना आहे, प्रवासात खायचा, महिनोन्‌महिने टिकणारा, क्रीम भरलेला मऊ बन. त्या जागी तो ठीक आहे. मुलाने कधीतरी मधल्या सुट्टीत खाल्ला तर खाऊ दे, फक्त रोज नको, आणि त्यावरून क्रोसाँ म्हणजे हेच असं त्याला वाटू देऊ नका, एखाद्या रविवारी खरा एक आणून अर्धा अर्धा खा.

डब्यातल्या सेटवर मात्र डोळे उघडून वाचायचं. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते, हा नियम आहे, त्यामुळे मैद्यानंतर दुसरं-तिसरं नाव काय आलंय ते बघा. बटर आलं तर उत्तम. खाद्य वनस्पती फॅट, पाम, मार्जरिन, इंटरएस्टरिफाइड व्हेजिटेबल फॅट असलं काही आलं आणि खूप खाली कुठेतरी बटर २ टक्के असं लिहिलं असेल तर समोरचं मोठ्या अक्षरातलं बटर हे चवीपुरतं आहे. यादीत बटर फ्लेवर दिसलं की समजा वास बाहेरून घातलाय, खऱ्या बटरला त्याची गरज पडत नाही. २८२ नंबर दिसेल तो बुरशी येऊ नये म्हणून घातलेला कॅल्शियम प्रोपिओनेट, ४७१ म्हणजे पदार्थ मऊ ठेवणारं इमल्सिफायर. यातलं काही विष नाहीये, परवानगी असलेलेच पदार्थ आहेत, पण यादी जितकी लांब तितका तो क्रोसाँ दुकानात जास्त दिवस बसायला बनवलाय हे कळतं.

ट्रान्स फॅटची, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला वाईट फॅटची, भीती बऱ्याच जणींनी लिहून कळवली आहे. १ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-तूप आणि ते वापरून केलेल्या पदार्थांतल्या फॅटमधे कारखान्यात तयार होणारं ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, त्याआधी वर्षभर तेल-तुपासाठी ही मर्यादा ३ टक्के होती. त्यामुळे पाकिटबंद मालात परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. सॅच्युरेटेड फॅट मात्र पाममधेही असतं आणि बटरमधेही, तेव्हा क्रोसाँ हा कुठलाही घेतला तरी कधीमधी खायचा पदार्थ आहे. म्हणूनच म्हणते की खायचा तर चांगला खा.

प्रश्न: आम्ही अंडं खात नाही. क्रोसाँ चालतो का?
(नाशिक)

पिठात बहुतेक वेळा अंडं नसतंच, वरून ब्रशने फिरवतात ते अंडं असतं. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर निश्चिंत राहा, आपल्याकडच्या नियमात अंडं मांसाहारी चिन्हात येतं. सुट्ट्या बेकरीत अंडं आहे का असं मोघम विचारू नका, काउंटरवरचा मुलगा पिठाचा विचार करून नाही म्हणून मोकळा होतो, एग वॉश आहे का असं विचारा. दूध किंवा क्रीम लावून भाजलेलेही मिळतात, रंग थोडा मंद येतो, चवीत फरक पडत नाही, त्यामुळे वर रंगाबद्दल जे लिहिलं ते तुम्ही थोडं सैल धरा.

बदामाचा क्रोसाँ मात्र टाळा किंवा खात्री करून घ्या, कारण त्यात भरतात ती बदामाची क्रीम अंडं घालूनच करतात. जे अंडं खातात त्यांना जाता जाता सांगते, बदामाचा प्रकार मुळात आदल्या दिवशीच्या उरलेल्या क्रोसाँचाच करतात, पाकात बुडवून क्रीम भरून परत भाजतात, त्यामुळे संध्याकाळी उशिरा बेकरीत गेलात आणि साधे थकलेले दिसले तर बदामाचा घ्या, तो शिळ्याचाच चांगला होतो.

प्रश्न: काल आणलेला क्रोसाँ सकाळी चामड्यासारखा होतो. मायक्रोवेव्हमधे गरम केला तर आणखीनच वाईट.
(डोंबिवली)

मायक्रोवेव्हमधे कधीच नको, पदरांतलं पाणी वाफ होऊन सगळं लिबलिबीत होतं आणि गार झाल्यावर दोरीसारखं ओढलं जातं. ओटीजी (घरातला छोटा विजेचा ओव्हन) १६० अंशाला तापवून घ्या आणि चार-पाच मिनिटं ठेवा, एअर फ्रायर असेल तर १५० ला तीन मिनिटं पुरतात, काढून दोन मिनिटं जाळीवर ठेवा, बाहेर काढल्या काढल्या मऊ वाटतो पण गार होताना कुरकुरीत होतो. दोन्ही नसेल तर मधोमध चिरून मंद तव्यावर कापलेली बाजू खाली, वर झाकण न घालता.

आणि आणल्यावर फ्रिजमधे ठेवू नका. पाव काय क्रोसाँ काय, फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात लवकर शिळा पडतो. त्याच दिवशी खायचा तर कागदी पिशवीत ओट्यावर, नाहीतर घट्ट पिशवीत सरळ फ्रीझरमधे, तिथे दोन-तीन आठवडे छान राहतो आणि तसाच गोठलेला ओटीजीत टाकायचा, आठ-दहा मिनिटं. पावसाळ्यात तर कागदी पिशवीतला क्रोसाँ तासाभरात मऊ पडतो, मुंबई-कोकणच्या हवेत त्याला इलाज नाही, खायच्या आधी भाजून घेणं हेच.

प्रश्न: बिग बास्केटसारख्या ॲपवर आणि मोठ्या दुकानाच्या फ्रीझरमधे कच्चे फ्रोझन क्रोसाँ दिसतात. घरच्या ओटीजीत जमतात का, का पैसे पाण्यात?
(बंगळुरू)

जमतात, आणि ज्यांच्या जवळ चांगली बेकरी नाही त्यांना मी आधी हेच सुचवते. फक्त तीन प्रकार असतात आणि पाकिट न वाचता घेतलं की गोंधळ होतो. एक, आधीच फुगवून गोठवलेले, ते फ्रीझरमधून काढून जवळजवळ थेट ओव्हनमधे. दुसरे, न फुगवता गोठवलेले, ते रात्री ट्रेमधे अंतर ठेवून मांडायचे, वर झाकण, आणि सकाळपर्यंत दुप्पट होतात, आपल्या उन्हाळ्यात मात्र रात्रभर ठेवू नका, खोली ३० अंशांची असेल तर बटर सुटेल, त्यापेक्षा पहाटे काढून एसीच्या खोलीत ठेवा किंवा हा प्रकार थंडीतच करा. फुगलाय का हे बघायला ट्रे हलकेच हलवा, क्रोसाँ जेलीसारखा थरथरला पाहिजे. तिसरे पूर्ण भाजून गोठवलेले, ते नुसते गरम करायचे.

भाजायला ओटीजी आधी नीट तापू द्या, १८०-१९० ला १८ ते २२ मिनिटं, पहिल्या पंधरा मिनिटांत दार अजिबात उघडायचं नाही, आणि पाकिटावरची वेळ संपली पण रंग फिकट असेल तर अजून दोन-तीन मिनिटं द्या, आपले छोटे ओव्हन सांगितलेलं तापमान कितीदा गाठतच नाहीत. दोनपेक्षा जास्त रॅकवर एकदम भाजू नका.

विकत घेताना पिशवी चाचपा. आत नग सुटे सुटे हलले पाहिजेत. एकमेकांना चिकटलेत, चपटे झालेत, बर्फाचे खडे दिसतायत म्हणजे वाटेत कुठेतरी वितळून परत गोठलेत, टेम्पोत किंवा लोडशेडिंगमधे, असं पाकिट कितीही नामांकित असलं तरी ठेवून द्या. ॲपवरून आलं तर दारातच बघून परत करा.

प्रश्न: आम्ही एडिसनला असतो. दर शनिवारी कॉस्टको या मोठ्या दुकानातले डझनभर क्रोसाँ येतात घरात, बायको म्हणते ट्रेडर जोज या किराणा साखळीतले फ्रोझन चांगले, मी म्हणतो ताजी बेकरी ती बेकरी. निकाल द्या.
(न्यू जर्सी)

वहिनींच्या बाजूने देते, पण अट घालून. कॉस्टकोचे बटर क्रोसाँ त्या किमतीला खरंच प्रामाणिक आहेत, बटरच असतं, स्टोअरमधेच भाजतात, प्रश्न एवढाच की डझन एकदम येतात आणि प्लॅस्टिकच्या बंद डब्यात वाफेने साल मऊ पडते. आणल्या दिवशीच लागतील तेवढे ठेवून बाकीचे फ्रीझरमधे टाका आणि खाताना ओव्हनमधे, खूप फरक पडेल. ट्रेडर जोजचे रात्री काढून ठेवायचे आणि सकाळी भाजायचे, ते निघाल्या निघाल्या घरात जे मिळतं ते डब्यातलं देऊच शकत नाही. बेकरीबद्दल तुमचं म्हणणं तत्त्वाने बरोबर आहे पण फक्त त्या बेकरीबद्दल जी सकाळी स्वतः लाटून भाजते, गावात बेकरी आहे म्हणजे क्रोसाँ तिथलाच असं धरू नका, विचारा.

प्रश्न: मेमधे आई-बाबांना घेऊन पॅरिसला जातोय, पहिल्यांदाच. हॉटेलच्या नाश्त्यातले क्रोसाँ चांगले नसतात म्हणतात. कुठे जाऊ? आणि ते १६८३ ची व्हिएन्नाच्या वेढ्याची गोष्ट खरी का, तुर्कांचा पराभव झाला म्हणून चंद्रकोरीचा आकार?
(औरंगाबाद)

गोष्टीचं आधी. वेढा खरा, पराभव खरा, पण बेकऱ्यांनी त्यावरून क्रोसाँ केला याला त्या काळातला पुरावा नाही, आणि राणी मारी आंत्वानेतने तो फ्रान्सला आणला याचंही तसंच. व्हिएन्नाकडे किप्फर्ल नावाचा कोरीच्या आकाराचा गोडसर पाव मात्र फार जुना आहे. ऑगस्ट त्सांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १८३८-३९ च्या सुमाराला पॅरिसमधे रिशेलिए रस्त्यावर व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, ती तुफान चालली, पॅरिसच्या बेकऱ्यांनी नक्कल केली, आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्यासारखी पदरांची कृती रूढ झाली. म्हणजे आज आपण खातो तो पदरवाला क्रोसाँ एवढा काही प्राचीन नाही, आणि तो पॅरिसचाच.

आता कुठे जायचं. एकच पत्ता सांगून तुम्हाला मेट्रोने शहरभर फिरवणार नाही, आई-बाबा बरोबर आहेत. हॉटेलच्या चालत अंतरावर दोन-तीन बुलांजऱ्या (पावाच्या बेकऱ्या) नक्की असतील, त्यातली निवडायची कशी ते सांगते. फ्रान्समधे १९९८ च्या कायद्याने बुलांजरी ही पाटी त्यालाच लावता येते जो पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं तिथेच करतो, पण हा नियम पावाचा आहे, क्रोसाँचा नाही! त्यामुळे उत्तम पाव करणारा माणूसही कारखान्याचे फ्रोझन क्रोसाँ भाजून विकू शकतो आणि पुष्कळ जण विकतात. काचेतून बघा, सगळे साच्यातून काढल्यासारखे एकसारखे असतील तर कारखान्याचे, थोडे लहानमोठे, वाकडे, एखाद्याचं टोक जास्त भाजलेलं असेल तर हाताचे. फे मेझाँ अशी पाटी असली तर तिथेच केलेले.

मागताना क्रोसाँ ओ बर मागा, म्हणजे बटरचा. दोन प्रकार ठेवलेले असतील तर प्रथेप्रमाणे सरळ आकाराचा बटरचा आणि टोकं आत वळवलेला मार्जरिनचा असतो, कायदा नाही पण बरेच जण पाळतात. किंमत सव्वा-दीड युरोच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या कॅफेपेक्षा स्वस्तच पडतो हे बघून तुम्हाला जरा वाईट वाटेल. पॅरिस आणि आसपासच्या बेकऱ्यांची बटर क्रोसाँची स्पर्धा होते, जिंकलेले लोक काचेवर स्टिकर लावतात, तो दिसला तर आत जा. आणि सकाळी साडेसात-आठला जा, आईंना सांगा चहा हॉटेलवर येऊन पिऊ, क्रोसाँ गरम आहे तोवर चालता चालता खायचा. अपार्टमेंट घेतलं असेल आणि ओव्हन असेल तर पिकार नावाची नुसत्या फ्रोझन मालाची दुकानं आहेत, तिथले क्रोसाँही घरी भाजून बघण्यासारखे आहेत.

प्रश्न: पणजीत क्रोसाँ कुठे? पोई आणि उंडे हे आमचे रोजचे पाव सोडून कधीतरी वेगळं.
(पर्वरी)

करंझाळ्याला पादारिया प्रझेरेस ही बेकरी. सकाळी जा. आणि पोई सोडू नका हो, पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल दारात येते हे भाग्य बाकी कुणाला नाही, त्या पोईला जे ताजेपण असतं तेच क्रोसाँत शोधायचंय.

प्रश्न: आमच्या गावात असलं काही मिळत नाही. एक बेकरी आहे, खारी अप्रतिम करतात, पाव, नानकटाई, टोस्ट. लेक पुण्याहून येते तेव्हा क्रोसाँ क्रोसाँ करते. त्या बेकरीवाल्याला सांगून करून घेता येईल का, का वेडेपणा आहे?
(लातूरजवळचं एक गाव)

वेडेपणा अजिबात नाही, उलट मला आलेल्या सगळ्या प्रश्नांत हा सगळ्यात जास्त आवडला. खारी चांगली करणारा माणूस म्हणजे लाटणं, घडी, विश्रांती, पुन्हा लाटणं हे सगळं ज्याच्या हातात बसलंय असा माणूस. शहरात महागडे कोर्स करून आलेली मुलं पहिले कित्येक महिने नीट चौकोनी घडी घालायला शिकत असतात, तुमच्या बेकरीतला कारागीर ते रोज दहा-वीस किलो मैद्यात करतोय. खारीत यीस्ट नसतं आणि फॅट वनस्पतीचं असतं, ते गरम खोलीतही घट्ट राहतं, एवढाच काय तो फरक. म्हणजे त्याला तीन गोष्टी नव्या आहेत, पदर करायच्या पिठात यीस्ट घालणं, बटर आणि थंडावा. पावामुळे यीस्ट तर त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

तर असं करा. डिसेंबर-जानेवारीत जा, आपल्याकडे मराठवाड्यात त्या महिन्यांत पहाटे चांगली थंडी असते आणि भट्टी पेटायच्या आधी बेकरीची खोली लाटायला अगदी हवी तशी मिळते, मेमधे जाऊन सांगितलंत तर बिचाऱ्याचं बटर हातातच वितळेल आणि तो पुन्हा नाव काढणार नाही. बटर तुम्ही घेऊन द्या, बिनमिठाचं. पिवळं खारं टेबल बटर चालतं का असं विचाराल, चालवता येतं पण त्यात मीठ असतं, मग पिठातलं मीठ कमी करायला सांगा. आपल्या टेबल बटरला किमान ८० टक्के फॅटचा नियम आहे, फ्रान्समधे साधं बटर ८२ टक्क्यांचं असतं आणि क्रोसाँसाठी मुद्दाम ८४ टक्क्यांचं कोरडं बटर मिळतं, पाणी कमी म्हणून ते लाटताना तुटत नाही, वाकतं. ते तुमच्याकडे मिळणार नाही, काही बिघडत नाही. घरचं ताज्या लोण्याचं मात्र घेऊन जाऊ नका, कितीही धुतलं-पिळलं तरी त्यात पाणी जास्त राहतं आणि पदर भिजतात.

एक किलो मैद्याला पाचशे ते साडेपाचशे ग्रॅम बटर आत घालायला, दोन कागदांच्या मधे ठेवून लाटण्याने ठोकून सपाट लादी करायची आणि ती थंड पण वाकेल अशी हवी, वाकवल्यावर कडकन मोडली तर पिठात तिचे तुकडे होतात आणि फार मऊ असेल तर कडेने बाहेर येते. पीठ आदल्या रात्री मळून बेकरीच्या फ्रिजमधे, कोल्ड्रिंकच्या फ्रिजमधे जागा करून देतात लोक, तेवढं चालतं. पहाटे लादी भरून तीन घड्या, प्रत्येक घडीनंतर अर्धा तास फ्रिज, मग लाटून लांब त्रिकोण कापून गुंडाळायचे. फुगवायला भट्टीच्या जवळ ठेवू नका हे त्याला पुन्हा पुन्हा सांगा, कारण पावाच्या सवयीने तो ट्रे उचलून थेट भट्टीजवळच नेणार, क्रोसाँला दोन-अडीच तास साध्या खोलीत द्यायचे. आणि भट्टी पाव काढून झाल्यावरची, खारीला लागते तेवढ्या आचेची, त्याला अंदाज बरोबर येईल.

पैसे ठरवताना घासाघीस करू नका, खारीच्या भावाने तो हे देऊ शकत नाही, बटरचाच खर्च वर सांगितला तेवढा आहे आणि त्याची एक सकाळ जाणार आहे. किलोभर मैद्याचे पंचवीसेक नग होतील, तेवढे घरात संपणार नाहीत तर शेजारच्या दोन-तीन घरांना आधीच सांगून ठेवा, सगळ्यांचे पैसे आगाऊ गोळा करून द्या, आणि पहिल्या खेपेला पदर नाही सुटले तरी सगळे घ्या आणि पुढच्या रविवारची ऑर्डर तिथेच उभं राहून द्या.